‘अब्बा नाराज आहेत!’ : एका माणसाभोवती फिरणारे घर

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पेढ्यांचे बॉक्स येऊ लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एक पालक भला मोठा बॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आले. मुलीला ९१ टक्के मिळाले होते. मोहल्ल्यातले हे वजनदार गृहस्थ. मशिदीच्या कामात पुढे, कुणाच्या मुलीच्या लग्नात अडचण आली तर पहिला हात त्यांचा. उभ्याउभ्याच त्यांनी जाहीर केले, “आमची मुलगी डॉक्टर होणार. मी ठरवलंय.” आम्ही सगळे ‘माशाअल्लाह’ म्हणालो, पेढे खाल्ले. मुलगी त्यांच्या मागे उभी होती. तिच्याकडे आमच्यापैकी कुणी नीट पाहिले नाही.

तीन आठवड्यांनी ती एकटीच दाखला न्यायला आली. दाखला हातात घेतला तरी जाईना. विचारले तेव्हा म्हणाली, “टीचर, मला आर्ट्सला जायचंय. तुमच्यासारखं शिकवायचंय.” घरी हे तिने एकदाच, जेवताना, हळूच सांगितले होते. त्या दिवसापासून वडिलांनी तिच्याशी बोलणे बंद केले होते. १९ दिवस झाले होते. ती खोलीत आली की ते उठून जात. सलाम केला तरी उत्तर नाही. अम्मी रोज सांगत होती, “अब्बा नाराज आहेत. जा, माफी माग.”

“टीचर, माफी कशाची मागू?” तिने आम्हाला विचारले.

आम्ही तेच सांगितले जे आपण सगळे सांगतो. “बेटा, वडील आहेत. तुझ्या भल्याचंच बोलत असतील. माग माफी आणि मोकळी हो.” ती गेली. तिने माफी मागितली. सायन्सला प्रवेश घेतला.

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते, हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजावी. कुणाची ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत. वाचताना एखाद्या वाचकाला हे आपलेच घर वाटले, तर त्याचे कारण इतकेच की अशी घरे एकमेकांसारखीच चालतात.

एक शब्द आणि त्याची मर्यादा

स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळून पाण्याकाठी बसून राहिलेल्या नार्सिससची गोष्ट ग्रीक पुराणात आहे. त्याच्या नावावरून इंग्रजीत ‘नार्सिसिझम’ हा शब्द आला. मराठीत आपण आत्ममग्नता किंवा आत्मप्रेम म्हणतो, उर्दूत ‘नर्गिसियत’. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१४ मध्ये या विषयावर निबंध लिहिला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत तो एक व्यक्तिमत्त्व विकार म्हणून स्वतंत्रपणे नोंदवला. आजच्या पुस्तिकेत त्याची नऊ लक्षणे दिली आहेत: स्वतःच्या मोठेपणाची अवाजवी कल्पना, सतत कौतुकाची भूक, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे हा आग्रह, दुसऱ्याचा स्वतःच्या सोयीसाठी वापर, दुसऱ्याच्या भावनांची जाणीव नसणे, हेवा, उद्धटपणा वगैरे. यातली किमान पाच लक्षणे माणसाच्या वागण्यात कायमची मुरलेली असतील तरच तज्ज्ञ असे निदान करतात.

म्हणून आधीच एक सांगून ठेवतो. एखादे वडील तापट आहेत, एखादी आई हट्टी आहे, म्हणून लगेच त्यांच्यावर हा शिक्का मारू नये. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून कुणाच्या आईवडिलांचे निदान होत नाही. ते मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे, आणि असे लोक बहुधा तज्ज्ञाकडे जातच नाहीत. आपल्या हातात आहे ते वागणे ओळखणे. रोगाचे नाव काहीही असो, घरात नेमके काय चालले आहे आणि मुलांवर त्याचा काय परिणाम होतो आहे, एवढे आपण पाहू शकतो.

घर कसे चालते

त्या मुलीच्या घरी संध्याकाळी फाटकापाशी स्कूटरचा आवाज आला की टीव्ही बंद होई. “अब्बा आ गए” असे कुणीतरी पुटपुटे आणि जो तो आपापल्या जागी जाई. स्टँड लावण्याच्या आवाजावरून मूड कसा आहे ते मुलांना कळे. अशा घरातली मुले हवामान खात्यासारखी होतात. चपला कशा काढल्या, पाणी मागताना आवाज कसा होता, यावरून पुढच्या दोन तासांचा अंदाज बांधतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, काय शिस्तीचे घर आहे! खरे तर सगळ्या घराचे लक्ष एकाच माणसाच्या मनःस्थितीवर खिळलेले असते आणि बाकीच्यांना काय वाटते, हा प्रश्न त्या घरात उरतच नाही.

दुसरी गोष्ट, मुले आरसा होतात. मुलाचे यश हे वडिलांचे यश, मुलाचे अपयश म्हणजे वडिलांचा अपमान. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाले तर फोटो सगळ्या ग्रुपवर जातो. गणितात मार्क कमी पडले तर “तू माझं नाक कापलंस” असे ऐकावे लागते. बक्षीस मिळवताना मुलीला आनंद झाला का, नापास होताना तिला वाईट वाटले का, हे कुणी विचारत नाही. आमच्या विद्यार्थिनीचे वडील मुलींच्या शिक्षणाच्या विरोधात मुळीच नव्हते. त्यांना मुलगी शिकायला हवी होती, पण त्यांनी आधीच जाहीर केलेल्या वाटेने.

तिसरी गोष्ट, मुलांना भूमिका वाटून दिल्या जातात. या घरात थोरला मुलगा ‘अब्बांचा शेर’. त्याची चूक ही चूक नसे. मधली मुलगी ‘जबानदराज’. फुलदाणी कुणीही फोडो, दोष तिचा. धाकटा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता आणि कुणाच्या नजरेस न पडण्याची कला एवढ्या लहान वयात शिकला होता. या वाटणीत लाडक्याचे भले होते असे मात्र नाही. त्याला आयुष्यभर शेरच राहावे लागते. नोकरी गेली, धंद्यात खोट आली, तरी घरी सांगायची सोय नसते. शिवाय भावंडे एकमेकांना दुरावतात. ज्यांनी मिळून एकमेकांना आधार द्यायचा, तेच एकाच माणसाची मर्जी मिळवण्यासाठी एकमेकांच्या चुगल्या करू लागतात.

चौथी गोष्ट, निरोप. असे आई किंवा वडील मुलाशी थेट बोलत नाहीत. नाराजी तिसऱ्याच्या तोंडून पोचते. “अब्बा नाराज आहेत.” “तुझी अम्मी काल रात्रभर रडत होती.” “दादीने जेवण सोडलंय, तुझ्यामुळे.” कुटुंबांचा अभ्यास करणारे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी अशा तिघांच्या गुंत्याला त्रिकोण म्हटले होते. दोघांतला ताण सोसवेना झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते. आमच्या विद्यार्थिनीच्या घरी हा तिसरा कोन तिची अम्मी होती. ती वाईट बाई नव्हती. तिला फक्त घरात शांतता हवी होती आणि शांततेची किंमत दर वेळी मुलीने द्यावी, हाच तिला सर्वांत सोपा मार्ग दिसत होता.

पाचवी गोष्ट म्हणजे हत्यारे. यांत मारहाण असेलच असे नाही, बऱ्याचदा नसतेच. अबोला असतो. उपकारांची यादी असते: “तुझ्यासाठी मी काय नाही केलं?” आजारपण असते: मुलाने स्वतःच्या मनाप्रमाणे काही ठरवले की त्याच रात्री छातीत दुखते. पैसा असतो: कमावत्या मुलीचे एटीएम कार्ड वडिलांच्या पाकिटात, लग्न झालेल्या मुलाचा पगार आईच्या कपाटात. आणि घडलेले नाकारणे असते: “मी असं कधी बोललोच नाही. तुलाच काहीतरी भलतं आठवतं.” हे वारंवार ऐकले की मुलाचा स्वतःच्या आठवणीवरचा, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. आमच्या मते हे नुकसान सर्वांत खोल जाते.

शेवटची गोष्ट दोन चेहऱ्यांची. बाहेर हा माणूस दिलदार, हसतमुख, मदतीला धावणारा. त्यामुळे मुलाने कुणाला काही सांगितले तरी ऐकणारा म्हणतो, “तुझे अब्बा? शक्यच नाही.” आम्हीही मनात तेच म्हटले होते. त्यांनी आणलेले पेढे आम्ही खाल्ले होते ना!

आईसुद्धा

हे फक्त वडिलांबद्दल आहे असे कुणी समजू नये. आमच्या ओळखीच्या एका घरात सत्ता अम्मीची आहे. मुलगा चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. बायकोला कपडे घ्यायचे असोत की मुलांची सहल असो, आधी अम्मीची परवानगी. सून माहेरी निघाली की त्याच दिवशी अम्मीचे ब्लडप्रेशर वाढते, बॅग पुन्हा उघडली जाते. मुलगा सांगतो, “माँ के कदमों में जन्नत आहे, मी काय करू?” तो आईला वेळ देतो, पैसे देतो, पण तिच्याजवळ बसून हसताना आम्ही त्याला कधी पाहिले नाही. त्याच्या वागण्यात प्रेमापेक्षा भीती अधिक आहे, आणि हे त्या आईलाही कुठेतरी जाणवत असावे. म्हणूनच तिची मागणी संपत नाही.

शिस्त आणि कब्जा

आता कुणी म्हणेल, मग मुलांना काही बोलायचेच नाही का? रात्री दहानंतर मोबाइल नको म्हटले तर तोही जुलूम का?

नाही. अमेरिकी संशोधक ब्रायन बार्बर यांनी १९९०च्या दशकात पालकांच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, वागण्यावरचे नियंत्रण: घरी किती वाजता यायचे, कुणाबरोबर जायचे, अभ्यास किती करायचा. दुसरे, मनावरचे नियंत्रण: अपराधी वाटायला लावणे, माया आखडती घेणे, लाज आणणे, मुलाचे विचार आणि भावनाच खोट्या ठरवणे. पहिला प्रकार मर्यादेत असेल तर मुलांना सुरक्षित करतो. दुसऱ्या प्रकाराचा संबंध मुलांतील उदासी आणि चिंतेशी असल्याचे संशोधनात दिसते.

साध्या भाषेत सांगायचे तर, “मगरिबच्या आत घरी ये” ही शिस्त झाली. “तू उशीर केलास, आता मला काही झालं तर जबाबदार तू” हा कब्जा झाला. शिस्तीचा नियम आधी माहीत असतो, सर्वांना सारखा असतो आणि शिक्षा झाली की प्रकरण मिटते. कब्ज्यात नियम रोज बदलतो, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असतो, आणि माफी कितीही वेळा मागा, खाते बंद होत नाही. शिस्तीतून मूल मोठे होऊन बाहेर पडते. कब्ज्यातून बाहेर पडणे हाच गुन्हा ठरतो.

‘नाफरमान’ हा शब्द

आपल्या घरांत या सगळ्यावर एक शब्द झाकण घालतो, तो म्हणजे नाफरमान. मुलीने आर्ट्स घेते म्हटले, नाफरमान. मुलाने वेगळी खोली घेतली, नाफरमान. हा शब्द ऐकला की मूल हादरते, कारण आता प्रश्न अब्बांच्या नाराजीचा राहत नाही, अल्लाहच्या नाराजीचा होतो. म्हणून या बाबतीत दीनचे म्हणणे काय आहे, ते पूर्ण पाहिले पाहिजे. अर्धेच सांगण्याची आपल्याला सवय झाली आहे.

आईवडिलांचा हक फार मोठा आहे, यात शंका नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहच्या इबादतीच्या आज्ञेला लागूनच आईवडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा येते आणि त्यांच्यापुढे ‘उफ्’सुद्धा करण्यास मनाई आहे. हे आपण मुलांना पाठ करून घेतो, घेतलेच पाहिजे. पण सूरह लुकमानमध्ये एक प्रसंग असा सांगितला आहे की आईवडिलांचे ऐकू नये: त्यांनी शिर्क करण्यासाठी दबाव आणला तर. आणि त्याच आयतीत पुढे आदेश आहे, तरीही दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने वागावे. प्रसंग अर्थातच ईमानचा आहे, कॉलेजच्या प्रवेशाचा नाही. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ऐकणे आणि अदब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी गोष्ट न ऐकताही अदब राखता येते. सूरह निसामध्ये तर न्यायाची साक्ष देताना ती स्वतःविरुद्ध किंवा आईवडिलांविरुद्ध जात असली तरी द्या, असे फर्मावले आहे.

मुलांचेही हक आहेत. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक खास देणगी दिली आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करायला गेले. पैगंबरांनी विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले आहे का? उत्तर नाही असे आले, तेव्हा त्यांनी साक्षीला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. ‘शेर’ आणि ‘जबानदराज’ अशी वाटणी करणाऱ्या घरांनी ही हदीस भिंतीवर लावावी. हजरत खन्सा (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, त्या तक्रार घेऊन आल्या, आणि पैगंबरांनी तो निकाह रद्द ठरवला. त्यांना कुणी नाफरमान म्हटले नाही. आणि अबोल्याबद्दल काय सांगितले आहे? मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे हलाल नाही. जी सवलत भावाच्या बाबतीत नाही, ती पोटच्या मुलीच्या बाबतीत १९ दिवस कशी मिळेल?

ज्यांना वेगळा तपशील हवा असेल त्यांनी जाणत्या आलिमांना विचारावे. मात्र विचारताना हकीकत पूर्ण सांगावी. “मुलगी ऐकत नाही” एवढेच सांगून आणलेले उत्तर अर्ध्या प्रश्नाचे उत्तर असते.

मग करायचे काय?

सर्वप्रथम मोठ्या झालेल्या मुलांसाठी. एकदा सगळे समजावून सांगितले की अब्बा बदलतील, ही आशा बहुतेकदा थकवते. ते बदलले तर अल्हम्दुलिल्लाह, पण आपले आयुष्य त्या बदलाची वाट पाहत थांबवू नये. थोडे थोडे स्वतःच्या हातात घ्यावे. बँकेचे खाते स्वतःच्या नावावर, कार्ड स्वतःजवळ. गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट यांच्या प्रती आपल्याकडे. घरखर्चाला किती द्यायचे ते ठरवून दर महिन्याला न चुकता द्यावे, बाकीच्या पैशाचा हिशेब देण्याचे बंधन मानू नये.

बोलणे थोडके ठेवावे. लांबलचक सफाई दिली की प्रत्येक वाक्यातून नवा वाद निघतो. “अब्बा, तुमचं म्हणणं मी ऐकलं. मी विचार करून सांगते.” “अम्मी, आत्ता आवाज चढलाय, मी उद्या फोन करते. अल्लाह हाफिज.” आणि दुसऱ्या दिवशी खरोखर फोन करावा. उलट शब्द नाही, दार आपटणे नाही, पण निर्णयही बदलायचा नाही. सुरुवातीला नाराजी वाढेल, नातेवाइकांचे फोन येतील. ते धरूनच चालावे. भावंडांनी एकमेकांशी थेट बोलायला सुरुवात केली तर अर्धा त्रिकोण तिथेच मोडतो. “तुझ्याबद्दल अब्बा असं म्हणाले” हे वाक्य भावंडांनी एकमेकांना सांगणे बंद करावे.

दुसरे, त्या घरातल्या दुसऱ्या पालकासाठी. हे आम्ही फार जड मनाने लिहितो, कारण बहुतेक वेळा ती एक दबलेली आई असते आणि तिला स्वतःलाच आधार नसतो. नवऱ्याला बदलणे तिच्या हातात नाही. पण एक काम ती करू शकते: निरोप्या होणे थांबवावे. “अब्बा नाराज आहेत” ऐवजी मुलीला एकांतात एवढे म्हणावे, “तू काही चुकीचं केलेलं नाहीस. मला माहीत आहे.” घरात एका माणसाने जरी मुलाचे खरे मानले तरी त्या मुलाला पाय रोवायला जमीन मिळते. घरात मारहाण, कोंडणे, उपाशी ठेवणे असे प्रकार होत असतील तर मात्र सब्रचा सल्ला कुणी देऊ नये. स्त्रियांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि त्यात मानसिक व आर्थिक छळही धरलेला आहे.

तिसरे, नातेवाईक आणि शेजारी. मध्यस्थी करायला जाताना दोन्ही बाजू ऐका, आणि मुलाची बाजू त्याच्या वडिलांसमोर विचारू नका. “शेवटी आईवडील आहेत” हे वाक्य खरे आहे, पण ते प्रश्नाचे उत्तर नाही.

चौथे, आम्ही शिक्षक. वर्गात अशी मुले दिसतात, पाहणारी नजर हवी. एक-दोन मार्कांसाठी घाबरून रडणारी. प्रत्येक गोष्टीला ‘सॉरी’ म्हणणारी. आवडता रंग विचारला तरी शेजाऱ्याकडे पाहणारी. पालकसभेत आईवडिलांकडे बघून मगच उत्तर देणारी. पालकांना शाळेत बोलावले की पोटात दुखू लागणारी. अशा मुलाशी एकट्याने, पण दार उघडे ठेवून बोलावे. त्याने सांगितलेले त्याच्या परवानगीशिवाय घरी पोचवू नये, कारण संध्याकाळी त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. एकच अपवाद आहे. मारहाण किंवा लैंगिक छळ असेल तर “कुणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये, मदत आणावीच लागते. मुलांसाठी १०९८ ही मोफत हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, तिथे मराठीतही बोलता येते. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे, हे निदान आम्ही शिक्षकांनी तरी मोठ्याने सांगायला हवे.

थोडे आपल्याकडेही

हे वाचताना प्रत्येकाला दुसऱ्याचा बाप आणि दुसऱ्याची सासू आठवली असेल. आम्हालाही आठवली. मग आम्ही स्वतःला काही प्रश्न विचारले. ते इथे देतो.

गेल्या वर्षभरात आपण आपल्या मुलाची एकदा तरी माफी मागितली आहे का? मूल आपल्याला न आवडणारे मत आपल्यासमोर बोलू शकते का? आपल्या मुलाचे यश सांगताना आपण ‘तो’ म्हणतो की ‘मी’? आपण घरी आलो की घरातले आवाज वाढतात की थांबतात? रागावल्यावर आपण किती वेळ गप्प राहतो, आणि बोलायला आधी कोण येते?

यातल्या दोन प्रश्नांवर आम्ही अडखळलो, हे कबूल करतो. पण ज्याला हा प्रश्न पडतो आणि टोचतो, त्याच्याकडे सुधारण्याची वाट अजून उघडी आहे. मुले ही अमानत आहेत असे आपण म्हणतो. अमानत जपायची असते, तिच्यावर आपले नाव घालायचे नसते.

पुन्हा ती

ती मुलगी गेल्या वर्षी शाळेत आली होती. सायन्सची दोन वर्षे, मग मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा अपयश, मग घरात वर्षभराचा अंधार. शेवटी शिक्षा म्हणून तिला आर्ट्सला घातले गेले. तिने बी.ए. केले, बी.एड. केले, आता ती एका शाळेत इतिहास शिकवते. “अब्बा सगळ्यांना सांगतात, मीच तिला टीचर केलं,” ती म्हणाली आणि हसली. हे हसू त्या पेढ्यांच्या दिवसाचे नव्हते.

ती वडिलांशी तुटलेली नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीच त्यांना घेऊन गेली. घरी पैसे देते. पण एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये असते, आणि फोनवर टोमणे सुरू झाले की ती ‘अल्लाह हाफिज’ म्हणून फोन ठेवते. “आता भीती वाटत नाही, म्हणून आता मला त्यांची काळजी वाटते,” ती म्हणाली. खिदमत म्हणतात ती हीच असावी, असे आम्हाला तेव्हा वाटले. भीतीपोटी तिने जे केले होते, ते दुसरेच काहीतरी होते.

आम्ही तिला त्या दिवसाबद्दल विचारले आणि माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “टीचर, तेव्हा तुम्ही अब्बांना काही सांगायला नको होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतंत, की आर्ट्सला जावंसं वाटणं गुन्हा नाही.”

तिचा धाकटा भाऊ आता आमच्या वर्गात आहे. मागच्या बाकावर बसतो, वही नीटनेटकी, आवाज नाही. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आम्ही त्याला थांबवले आणि विचारले, दहावीनंतर तुला काय करायचंय? बराच वेळ तो बुटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “टीचर, घरी सांगणार नाही ना?”

“नाही,” आम्ही म्हणालो, आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.